मायनेता : आरोपी क्रमांक एक आणि आरोपी क्रमांक नऊ

निवडणूक लागली की मायनेता या संकेतस्थळावर बहुतेकजण एकदा तरी जातात. उमेदवाराची मालमत्ता पाच वर्षांत किती कोटींनी वाढली ते बघतात, एखादा स्क्रीनशॉट गटावर टाकतात आणि बाहेर पडतात. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून स्थानिक राजकारणावर लिहिते, त्यामुळे माझा मुक्काम तिथे जरा लांबतो. मालमत्तेपेक्षा माझं काम गुन्ह्यांच्या लाल अक्षरांशी जास्त असतं. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या लाल अक्षरांबद्दल आहे. आणि ती अक्षरं मला वाचता यावीत म्हणून ज्या लिहित्या माणसांनी आपला वेळ दिला, त्यांच्याबद्दलही आहे. त्यांच्याशिवाय हे संकेतस्थळ माझ्या फारसं उपयोगी पडलं नसतं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. 1999 साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली. उमेदवाराने स्वतःवरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला सांगितलं पाहिजे, एवढीच मागणी घेऊन ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हा हक्क मान्य केला. लगेच लोकप्रतिनिधित्व कायद्यात 33-ब हे कलम घालून निकालाची धार बोथट करण्याचा प्रयत्न झाला. 13 मार्च 2003 रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना 26 मधलं शपथपत्र जोडावं लागतं. ही शपथपत्रं गोळा करून, तक्ते करून, कुणालाही बघता येतील अशी मांडण्याचं काम मायनेता करतं. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही. नाव टाका, उमेदवार समोर.

उमेदवाराच्या पानावर वय, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज हे सगळं असतं. गुन्ह्यांचा तक्ता मात्र शांतपणे वाचायचा. गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, कोणतं न्यायालय, कोणती कलमं, दोषारोप निश्चित झालेत का, झाले असतील तर कोणत्या तारखेला, अपील आहे का. प्रलंबित खटले वेगळे, शिक्षा झालेले वेगळे. सोबत मूळ शपथपत्राची प्रत. माझा सल्ला असा, की तक्ता बघून झाला की मूळ प्रत उघडाच. आपल्याकडची शपथपत्रं पुष्कळदा मराठीत असतात, नोटरीच्या शिक्क्यासह, आणि तक्त्यात चार शब्दांत आलेली गोष्ट तिथे सविस्तर असते.

या आकड्यांचं मोल मोठं आहे. 2009 च्या लोकसभेत निवडून आलेल्यांपैकी 162 जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं जाहीर केलं होतं. 2014 मध्ये 185, 2019 मध्ये 233 आणि 2024 मध्ये 251. सभागृह 543 जणांचं. हे कुणा विरोधकाने केलेले आरोप नाहीत, ज्याने त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं आहे. असा चढता तक्ता एका ठिकाणी मिळतो, यासाठी त्या मंडळींचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पण नुसती संख्या बघून मत बनवू नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. पाटपाण्यासाठी, ऊसदरासाठी, दुधासाठी रस्त्यावर बसणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर डझनभर खटले असतात, आणि ठेवीदारांना बुडवणाऱ्याच्या नावावर एकच असतो. तक्त्यात पहिला बारा आणि दुसरा एक असा दिसतो. संकेतस्थळ गंभीर गुन्हे वेगळे मोजतं, त्याची थोडी मदत होते. तरी कलमं स्वतः वाचायला पर्याय नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 341, म्हणजे कुणाची वाट अडवणं, याला जास्तीत जास्त शिक्षा एक महिना साधी कैद, 500 रुपये दंड किंवा दोन्ही. 143, म्हणजे बेकायदा जमाव, याला सहा महिने. 147, म्हणजे दंगल, याला दोन वर्षं. हे माहीत असलं की बारा हा आकडा वेगळा दिसायला लागतो. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, तेव्हा एकाच उमेदवाराच्या पानावर आता जुने-नवे असे दोन्ही क्रमांक सापडतील, गोंधळू नका.

हे मला शिकवलं शिरस्तेदार अण्णांनी. न्यायालयात अख्खी नोकरी झाली, निवृत्तीनंतर ग्रामीण कथा लिहितात. आमच्या सार्वजनिक वाचनालयात लिहिणाऱ्यांची बैठक भरते, तिथे त्यांची ओळख झाली. मी मायनेतावरून उतरवलेला एक तक्ता त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, हे त्यानं सांगितलेलं झालं. आता खटल्याचा क्रमांक घ्या आणि कोर्टात काय चाललंय ते बघा." आणि त्यांनी मला ई-कोर्ट्सची सेवा उघडून दिली. तिथे प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, आजवरच्या सगळ्या तारखा आणि त्या दिवशी काय झालं त्याचा रोजनामा दिसतो. मायनेताची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. ते दार आहे. आत जायचं तर खटला क्रमांक हातात घेऊन पुढे चालावं लागतं.

आम्ही उघडलेला खटला जून 2017 च्या शेतकरी संपातला होता. पुणतांब्यापासून संपाला सुरुवात झाली आणि जिल्हाभर रास्ता रोको झाले, त्यातलाच एक. कलमं 143, 147, 341 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 135, जमावबंदी मोडल्याबद्दलचं. दगडफेक नाही, कुणाला खरचटलेलं नाही. आरोपी क्रमांक एक हे त्या वेळचे पुढारी, पुढे विधानसभेला उभे राहिले म्हणून मायनेतावर आले. आरोपी क्रमांक नऊ माझ्या माहेरच्या वस्तीवरचे, चार गाई राखून डेअरीला दूध घालणारे. ते कुठल्याही संकेतस्थळावर नाहीत, कारण ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

रोजनाम्यातली एक तारीख अण्णांनी बोटाने दाखवली. मतलब असा : आरोपी क्रमांक एक गैरहजर, वकिलांनी हजेरीमाफीचा अर्ज दिला, अर्ज मंजूर. त्याखाली : आरोपी क्रमांक नऊ गैरहजर, कुणी बाजू मांडली नाही, अजामीनपात्र वॉरंट काढावं. एकच दिवस, एकच खटला, तीच कलमं, दोघंही गैरहजर.

मी भडकले होते. अण्णा भडकले नाहीत. म्हणाले, "न्यायाधीशांनी काही वावगं केलेलं नाही. एकाचा अर्ज होता, मंजूर केला. दुसऱ्याचा अर्जच नव्हता." मग आम्ही नऊ नंबरच्या भाऊंना भेटायला गेलो. सुरुवातीला सगळ्यांचा वकील एकच होता, पुढाऱ्याने दिलेला. निवडणूक झाल्यावर त्या वकिलांनी बाकीच्यांचं बघणं हळूहळू सोडलं आणि ते कुणाला सांगितलंही नाही. त्या तारखेला भाऊंची गाय विण्यात अडली होती, ते गोठ्यात होते. पुढे पोलीस दारात आले. वॉरंट रद्द करून घ्यायला वकील करावा लागला, फी द्यावी लागली, दिवसाचं दूध वहिनींनी एकटीने काढलं. भाऊ मला म्हणाले, "ताई, आम्ही रस्त्यावर संगंच बसलो होतो की."

पुढाऱ्यांच्या बाबतीत न्याय वेगळा असतो असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मोठी लाच, मोठा दबाव येतो. मला इथे जे दिसलं त्यात कुणी कायदा मोडलेला नव्हता. फरक एवढाच, की एकाच्या वतीने दर तारखेला अर्ज घेऊन कुणीतरी उभं होतं आणि दुसऱ्याच्या वतीने कुणीच नव्हतं. असं वर्षानुवर्षं चालतं. आरोपी क्रमांक अकरा हा तेव्हा विशीतला पोरगा. त्याला पुण्यात एका कंपनीत सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत होती, ती पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत अडली, कारण खटला प्रलंबित. आमदारकीला उभं राहायला मात्र प्रलंबित खटल्याची अडचण नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(3) प्रमाणे अपात्रता येते ती दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाल्यावर. म्हणजे त्याच खटल्यामुळे गेटवर उभं राहता येत नाही आणि विधानसभेत बसता येतं. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

आणखी एक गोष्ट वकीलताईंनी समजावली. त्या तालुक्याला वकिली करतात आणि ओव्या लिहितात. पुढारी निवडून आला की त्याचा खटला आमदार-खासदारांसाठी नेमलेल्या न्यायालयात जाऊ शकतो. हेतू चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 पासून यासाठी विशेष न्यायालयांचा आग्रह धरला. डिसेंबर 2021 पर्यंत देशभरात असे 4,984 खटले पडून होते, आणि 9 नोव्हेंबर 2023 च्या निकालात उच्च न्यायालयांनाच देखरेख करायला सांगितलं गेलं. पण खटला जिल्ह्याला गेला की सोबतचे सगळे आरोपीही जिल्ह्याला जातात. पहाटेचं दूध काढून, एसटी धरून. तसंच, सरकारला आंदोलनातले खटले मागे घ्यायचे असले आणि त्यात आमदार किंवा खासदार आरोपी असला, तर 10 ऑगस्ट 2021 च्या आदेशाप्रमाणे उच्च न्यायालयाची परवानगी लागते. सत्तेत आलेल्यांनी आपलेच खटले गुपचूप मिटवू नयेत म्हणून दिलेला हा आदेश, आणि तो मला पटतो. पण त्या परवानगीची वाट नऊ नंबरनेही बघायची. पुढाऱ्याला लगाम घालायचा म्हटलं तरी त्याचा काच मागच्यालाही बसतो, याचा विचार कुठेच झालेला मला दिसला नाही.

पुढाऱ्या-पुढाऱ्यांतही काटा एकसारखा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जुलै 2013 च्या लिली थॉमस निकालापासून शिक्षा होताच आमदारकी जाते, अपिलासाठीची तीन महिन्यांची सवलत गेली. राहुल गांधींना 23 मार्च 2023 रोजी सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. सुनील केदार यांना 22 डिसेंबर 2023 रोजी नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यांची आमदारकी गेल्याचंही लगेच जाहीर झालं. 20 फेब्रुवारी 2025 रोजी तेव्हाचे मंत्री माणिकराव कोकाटे यांना नाशिकच्या न्यायालयाने सरकारी कोट्यातल्या सदनिकांच्या प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यानंतरचे दिवस अधिसूचनेविना गेले, ते मंत्रीही राहिले, आणि मग सत्र न्यायालयातून त्यांना स्थगिती मिळाली. स्थगिती मागण्याचा हक्क तिघांनाही होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न फक्त त्या मधल्या दिवसांचा आहे. सचिवालयाचं टपाल एका नावाला एका दिवसात निघतं आणि दुसऱ्या नावाला निघत नाही, हे कुणाच्या मर्जीने होतं?

मायनेतावर हा मधला काळ दिसत नाही. तिथे दिसतं ते अर्ज भरण्याच्या दिवसाचं चित्र, पुढच्या निवडणुकीपर्यंत गोठलेलं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवली तर आधीचा एखादा खटला नंतर गायब झालेला दिसतो. निर्दोष सुटला, मागे घेतला गेला की नुसता लिहायचा राहिला, ते शोधणं आपल्याकडेच येतं. संस्था स्वतः म्हणते की ही माहिती शपथपत्रातली आहे. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125-अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, पण ते सिद्ध करायला कुणीतरी न्यायालयात जावं लागतं.

मी आणि अण्णांनी रोजनाम्याच्या त्या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून लेख लिहिला. पुढाऱ्याचे सगळे प्रलंबित खटले त्याच्याच शपथपत्रातून दिले होते, त्यापलीकडे एकही विशेषण नव्हतं. लेख छापून आला आणि थोड्याच दिवसांत बदनामीची नोटीस आली. ज्या दैनिकात माझा स्तंभ होता त्यांनी "निवडणूक होईपर्यंत थांबू" असं कळवलं. त्यांच्या अडचणी असतील, मी त्यात शिरत नाही. पण त्या आठवड्यात मला जे मिळालं ते मला लिहून ठेवायचं आहे.

वकीलताई नोटीस वाचून म्हणाल्या, फीचा विषय काढू नकोस. त्यांनी उत्तरात मायनेतावरचं पान, मूळ शपथपत्राची प्रत आणि रोजनाम्याची छापील प्रत अशा तीन गोष्टी जोडल्या. तुमच्याच सहीचा मजकूर तुमची बदनामी कशी करतो, एवढंच विचारलं. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. गझल लिहिणारे आमचे सर गणित शिकवतात. त्यांनी लेखातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून बघितली आणि समासात बारीक अक्षरात बरोबरची खूण केली. तो कागद मी जपून ठेवला आहे. श्रीरामपूरकडच्या माई, सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या आधीपासून सदर चालवणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या सदरात माझा लेख जसाच्या तसा घेतला, वर माझं नाव घातलं आणि खाली स्वतःची एक ओळही वाढवली नाही. आपली जागा दुसऱ्याला देणं म्हणजे काय असतं, ते लिहिणाऱ्यालाच कळेल. एका तरुण वार्ताहराने भाऊंना जिल्ह्याला नेऊन आणलं, स्वतःच्या मोटारसायकलवरून, आणि त्याची बातमी केली नाही. मी त्याला विचारलं, का नाही केलीस? म्हणाला, "मावशी, ती तुमची गोष्ट आहे." माईंना मी फोन केला तेव्हा आभार मानू दिलेच नाहीत. "पुढचा लेख कधी देतेस?" एवढंच.

लिहिणाऱ्यांमध्ये हेवेदावे असतात, असं सगळे म्हणतात. असतीलही. मला ही माणसं भेटली, आणि मी ऋणी आहे. अण्णांनी शिकवलं नसतं तर मी आजही मालमत्तेचे कोटी मोजत बसले असते.

आता वापरणाऱ्यांसाठी राहिलेल्या गोष्टी. सगळा तपशील इंग्रजीत आहे, ही माझी सगळ्यात मोठी हरकत. शपथपत्र मराठीत, मतदार मराठी आणि मधला तक्ता इंग्रजी. माझ्या माहेरच्या वस्तीवरचं कुणी ते वाचू शकत नाही, त्यांच्यासाठी मला बसून सांगावं लागतं. मोबाइलवर मोठे तक्ते आडवे सरकवत वाचायला त्रास होतो, जमलं तर संगणकावर उघडा. निवडणूक आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मूळ शपथपत्रं मिळतात, तेव्हा मायनेतावर प्रत अस्पष्ट वाटली तर तिकडे जाऊन पडताळा. ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीच्या उमेदवारासाठी मायनेताच्या भरवशावर राहू नका. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या, शपथपत्रं तिथेही द्यावी लागतात, आणि ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर शोधायला जावं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो भाषेसाठी. आणखी एक सुचवते : खटल्यांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, सहआरोपी किती. नावं नकोत, फक्त संख्या. ती बघून निदान काहीजण तरी विचारतील, की बाकीच्यांचं पुढे काय झालं.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या उमेदवारांची शपथपत्रं आम्ही वाचनालयात एकत्र बसून मराठीत उतरवायला घेतली आहेत. अण्णा कलमं सांगतात, सर आकडे तपासतात, वकीलताई रविवारी दुपारनंतर येतात. ज्यांना देवनागरीत टंकलेखन येतं आणि आपल्या गटातली शपथपत्रं वाचायची आहेत, त्यांनी खुशाल यावं. भाऊंची पुढची तारीख जिल्ह्याला लागली आहे, आणि या वेळी त्यांच्यासोबत वकीलताई जाणार आहेत.